मागे घेतलेला लेख

सर आधी चष्मा कपाळावर सरकवायचे. मग टोपण लावलेल्या पेनाचं टोक कागदावरच्या एखाद्या आकड्यावर टेकवायचे आणि समोरच्या माणसाकडे न बघता विचारायचे, "हे मोजलं कोणी?"

समोरचा माणूस बहुधा कुठल्या तरी कॉलेजातला प्राध्यापक असायचा. बढतीसाठी त्याला एक शोधनिबंध छापून हवा असायचा आणि तो या महिन्यातच हवा असायचा. तो म्हणायचा, "सर, लॅबमध्ये मोजलं."

"लॅब मोजत नाही. माणूस मोजतो. त्या माणसाचं नाव काय?"

यानंतर जी शांतता पसरायची, ती मी कॉम्प्युटरच्या मागे बसून इतक्या वेळा ऐकली आहे की शेवटी शेवटी मला तिचा कंटाळा यायला लागला होता. सरांनाही येत असावा. पण त्यांनी विचारायचं थांबवलं नाही.

सुरतेत उधन्याला माझं डीटीपीचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग. गिऱ्हाईक मला बेन म्हणतं, घरी मी अक्का, आणि सर मला ताई म्हणायचे, जरी मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मूळचे आमच्यासारखेच खान्देशातले, वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेत वाढलेले. निवृत्तीनंतर एका शिक्षण संस्थेचं षण्मासिक ते सांभाळायचे. पाणी, रंग, माती असल्या विषयांवरचे शोधनिबंध त्यात छापून यायचे. संपादक म्हणून मिळायचं काहीच नाही, उलट रिक्षाचं भाडं घरचं जायचं. अंकाची जुळणी माझ्याकडे होती, त्यामुळे आठवड्यातून तीनदा तरी सर दुकानात यायचे आणि पंख्याखालची खुर्ची अडवून बसायचे.

माझं दुकान म्हणजे काही मंदिर नव्हे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या टेबलाच्या खणात अशा नियतकालिकांची पत्रकं होती जी तीन दिवसांत लेख छापून देतात, वर प्रमाणपत्र देतात आणि तेही सोनेरी किनारीचं. कोणी विचारलं तर मी पत्रक काढून द्यायची. सरांनी एकदा ती पाहिली. रागावतील असं वाटलं होतं. ते एकेक पत्रक नीट वाचत बसले आणि म्हणाले, "तीन दिवसांत? ताई, मला एक पान वाचायला तीन दिवस लागतात." पत्रकं त्यांनी परत खणात ठेवली, तीही होती त्याच क्रमाने. त्यानंतर ती काढून देताना माझा हात जरा अडखळायचा. द्यायची मात्र मी बंद केली नाहीत.

लेख तपासायला पाठवायची सरांची पद्धत होती, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. लेख कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये आणि कोण तपासतंय हे लेखकाला. पूर्वी कागदाचे दिवस होते तेव्हा सर पहिल्या पानावरचं नाव कात्रीने कापून काढायचे. ईमेल आल्यावर ते काम माझ्यावर आलं. नाव काढायचं, कॉलेजचं नाव काढायचं आणि फाईलला दुसरं नाव द्यायचं. दुसरं काय द्यायचं, असं विचारल्यावर सर म्हणाले, "भाजीचं द्या. भाजीला जात नसते, खातं नसतं."

तेव्हापासून आमच्याकडे लेख भाज्यांच्या नावाने जायला लागले. वडोदऱ्याचे एक मोठे शास्त्रज्ञ सरांना गंभीरपणे लिहायचे, "गिलकं पुन्हा लिहावं लागेल. दोडक्यातले निष्कर्ष घाईचे आहेत." एकदा फोनवर सर कोणालातरी सांगत होते, "वांगं नामंजूर. का म्हणजे? वांग्यातले दोन परिच्छेद उचललेले आहेत." दुकानात झेरॉक्सला आलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "मोठे लोक आहेत, तुम्ही तुमचं आधार कार्ड घ्या."

एका लेखावर नऊ नावं होती. सरांनी नऊ जणांना फोन लावले, माझ्यासमोर, एकामागून एक. प्रश्न एकच, "यात तुम्ही काय केलं?" पाच जणांना लेखाचा विषय माहीत नव्हता. एक जण प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, "सर, मी प्रिंट काढून आणली." सरांना तो माणूस फार आवडला. लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्याचं नाव त्यांनी घातलं, प्रत काढून आणल्याबद्दल. वरची नावं तीनच राहिली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथे चांदनी पडवा असतो, त्याच्या आधी एक प्राध्यापक घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, डबा घेऊन आले. सुरतेत त्या दिवसांत घारी नाकारणं म्हणजे उद्धटपणाच. सरांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि हात जोडून परत केला. तो माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगल्या दुकानाची होती." मी संध्याकाळी घरून दोन घाऱ्या आणून दिल्या. त्या त्यांनी खाल्ल्या, पण आधी विचारलंच, "तुमचा काही लेख नाही ना यायचा?"

हसण्यावारी नेण्यासारखं सगळं असं होतं. आता जे सांगणार आहे ते तसं नाही.

सरांचा एक विद्यार्थी होता, भूषण. लिंबायतचा. वडील रंगाई मिलमध्ये, आई घरी साड्यांना लेस लावायची. सरांनी त्याला बी.एस्सी.पासून धरलेला. फी कमी पडली तर त्याच्यासाठी कोणाकडे तरी शब्द टाकायचा, त्याला चष्मा लागला तेव्हा डॉक्टरकडे स्वतः घेऊन जायचं, असं सगळं. सरांना एकच मुलगी, ती लग्न होऊन दूर गेलेली. भूषण दुकानात आला की सरांचा आवाज बदलायचा. मला म्हणायचे, "ताई, हा पोरगा माझ्यापेक्षा चांगला केमिस्ट होणार."

भूषण एका कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. पलसाण्याच्या बाजूला रंगाई मिलांचं पाणी ज्या खाडीत जातं, त्या पाण्यात रंग किती, क्षार किती, हे वर्षभर ठरावीक दिवशी नमुने घेऊन मोजायचं, असा त्याचा विषय. त्यावरचा त्याचा लेख सरांच्या अंकात छापून आला. दोन नावं होती, पहिलं भूषणचं, दुसरं सरांचं. अंक आला त्या दिवशी सरांनी दुकानात पेढे वाटले.

पुढे पाच-सहा वर्षांनी संस्थेने जुने अंक वेबसाइटवर टाकायचं ठरवलं आणि ते काम मला दिलं. भूषणला पीएच.डी. मिळून गेली होती. तो ज्या कॉलेजात होता तिथे कायम होण्यासाठी त्याची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. एका दुपारी मी त्याचा लेख पुन्हा जुळवत होते. सर पंख्याखाली पेपर वाचत होते. तक्ता टाइप करता करता मी आपलं सहज बोलून गेले, "सर, हा भूषण दिवाळीतपण खाडीवर गेला होता वाटतं. भाऊबीजेला नमुना, पुन्हा लाभपाचमेच्या आदल्या दिवशी नमुना."

सरांनी पेपर खाली केला. आणि मी मूर्खासारखी पुढे बोलले, "पण त्या दिवसांत तर मिलं बंद असतात ना? माझा भाऊ पलसाण्यालाच मिलमध्ये आहे. धनतेरसलाच गावी पळतो, तो लाभपाचम झाल्यावर येतो. मग एवढं रंगीत पाणी आलं कुठून?"

आजही मला वाटतं, त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

सर उठले. चष्मा कपाळावर सरकवून माझ्या स्क्रीनजवळ आले. तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला. बोट एका आकड्यावर ठेवलं आणि काही विचारलं नाही. नुसतं बोट ठेवून उभे राहिले. मग खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "हा लेख आपण कोणाकडे तपासायला पाठवला होता, ताई?"

मी जुनं रजिस्टर काढलं. तो लेख कुठल्याच भाजीच्या नावाने गेला नव्हता. माझाच विद्यार्थी, मीच मार्गदर्शक, मीच रोज बघतोय, म्हणून सरांनी तो तसाच छापायला दिला होता.

दुसऱ्या दिवशी भूषण आला. सरांनीच बोलावलं होतं. मी बाहेर जायला निघाले, तर सर म्हणाले, "थांबा ताई, तुमचंच दुकान आहे."

भूषणने आधी आठवल्यासारखं केलं. मग म्हणाला की वर्षभरात खरे नमुने सातच घेता आले. कंत्राटावरच्या माणसाला सुट्टी मिळत नाही, सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास. बाकीचे आकडे त्याने त्या सातांवरून अंदाजाने भरले. तारखा कुठल्या टाकायच्या, असा प्रश्न आला. कोणी विचारलंच तर त्या दिवशी मी कॉलेजात नव्हतो, खाडीवर जाऊ शकत होतो, असं सांगता आलं पाहिजे. म्हणून त्याने स्वतःच्या सुट्टीच्या तारखा टाकल्या. संक्रांतीची उतराण, होळी, दिवाळी.

"तुझी सुट्टी," सर म्हणाले. "अरे, तुला सुट्टी होती तेव्हा तुझा बाप तरी कामावर होता का?"

भूषणने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. मिलच्या कामगाराच्या घरात जन्मलेला मुलगा. दिवाळीला लिंबायतच्या गल्ल्या कशा रिकाम्या होतात, हे त्याला सांगायची गरज नव्हती. खोटं लिहिताना त्याने सगळ्याचा विचार केला, फक्त स्वतःच्या घराचा केला नाही.

"सर, सगळे करतात," तो शेवटी म्हणाला.

"सगळ्यांचं मी छापलेलं नाही. तुझं छापलं."

"पुढच्या महिन्यात मुलाखत आहे सर."

"माहीत आहे मला."

"हा लेख गेला तर माझं सगळंच जाईल. तुम्हीच शिकवलंत, तुम्हीच नोकरीला चिठ्ठी दिलीत, आता तुम्हीच..."  माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं. ती नजर माझ्या चांगली लक्षात आहे. चूक त्याची होती, पण मला चोर पकडून दिल्याचं समाधान अजिबात वाटलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस सर दुकानात आले नाहीत. मला वाटलं, सुटलो. विसरतील, वय झालंय. मग एका सकाळी आले. दाढी वाढलेली. बसल्या बसल्या म्हणाले, "तुम्ही काय केलं असतं, ताई?"

"मी गप्प बसले असते," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"त्या दिवशी बसला असतात तर बरं झालं असतं," सर म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

संस्थेचे सेक्रेटरी चांगले गृहस्थ. त्यांनी सरांना समजावलं, "साहेब, जूनी वात छे, जवा दो ने. कोण वांचे छे?" जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या, कोण वाचतं, हा सवाल तसा बिनतोडच. पण सरांचं उत्तर एकच होतं. छापलं मी, तर मागेही मीच घेणार.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर चौकटीत निवेदन आलं. सरांनी ते मला सात वेळा बदलायला लावलं. प्रत्येक वेळी भूषणबद्दलचं एखादं वाक्य कमी व्हायचं आणि स्वतःबद्दलचं वाढायचं. शेवटी उरलं ते असं: या लेखातली बहुतेक मोजमापं झालेली नाहीत. लेख मागे घेत आहोत. तो तपासून घेणं हे संपादकाचं काम होतं, ते संपादकाने केलं नाही.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. सर म्हणाले, "नवा अंक ज्याच्या हातात जाईल त्याला कळेल. जुना अंक ज्याच्या हातात आहे त्याला कसं कळणार?" आणि ते रबरी शिक्का बनवायला निघाले.

शिक्केवाला भागळकडचा. त्याच्याकडे 'रिजेक्टेड' तयार होता, तोच घ्या म्हणाला. "आ ज लई जाओ ने साहेब, फरक शुं पडे?"

सर त्याला हिंदीत म्हणाले, "भाई, रिजेक्ट दूसरे को करते हैं. मुझे खुद को करना है."

शिक्केवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागे घेतलेला, असा लाल शिक्का दोन दिवसांनी मिळाला.

मग सर यादी घेऊन बसले. त्या अंकाच्या प्रती कुठे कुठे गेल्या होत्या, ते सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. लांबच्यांना पोस्टाने चिठ्ठ्या गेल्या, त्या पानावर चिकटवा अशी विनंती करून. सुरतेच्या आसपासच्या कॉलेजांत सर स्वतः गेले, बसने, पिशवीत शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन. गुडघे दुखायचे म्हणून कामरेजला मी बरोबर गेले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी बराच वेळ शोधून तो अंक काढून दिला. धूळ झटकली तर पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी उघडलाच नव्हता. सरांनी पानं पट्टीने हळूच सोडवली, लेख काढला, शिक्का मारला, फुंकर घातली आणि अंक परत दिला. बाई म्हणाल्या, "हे करायला एवढ्या लांब आलात?" सर म्हणाले, "चूक पण एवढ्या लांब आली होती."

परतीच्या बसमध्ये ते झोपून गेले. त्यांचं तोंड जरा उघडं पडलं होतं आणि पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. एवढं करून काय मिळवताहेत, असं वाटलं. आणि लगेच, आपण त्यांच्याबरोबर कामरेजपर्यंत आलोच की, असंही वाटलं.

निवेदन वाचून कॉलेजने भूषणचा निकाल लावला. मुलाखत रद्द झाली, कंत्राट पुढे वाढलं नाही. विद्यापीठाने प्रबंधातलं ते प्रकरण नव्याने करून द्यायला सांगितलं, ते त्याने केलं नाही. तो हजिऱ्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये पाळीवर लागला. सरांचे फोन तो घेत नव्हता. सर रोज एकदा लावायचे, पूर्ण वाजू द्यायचे आणि मोबाइल खिशात ठेवायचे.

सरांचंही फार लांबलं नाही. असा संपादक असल्यावर लेख पाठवायला लोक बिचकायला लागले. संस्थेने सत्कार करून, शाल घालून त्यांना विश्रांती दिली. आता नवे संपादक आहेत. लेख आठवड्यात मंजूर होतो. जुळणी अजून माझ्याकडेच आहे, कारण दुकान मला चालवायचं आहे. फाईलना आता लेखकाचीच नावं असतात.

पण यादीत एक प्रत राहिली होती. लेखकाला दिलेली.

शाल मिळाल्यानंतरच्या रविवारी सर म्हणाले, "ताई, लिंबायतला येता?" मी म्हटलं, "सर, ती राहू द्या. घरातली प्रत आहे, वाचनालयातली नाही." सर म्हणाले, "बाकीच्यांच्या मारल्या आणि आपल्या माणसाची सोडली, असं कसं करू?" मी दुकान बंद केलं. रिक्षा केली.

दोन खोल्यांचं घर. भूषणच्या वडिलांनी दार उघडलं. उंच, वाकलेले, डोळे बारीक करून बघणारे. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई दिसली, आम्हाला पाहिलं आणि आत गेली. आत भांडी जोरजोरात घासली जायला लागली.

"या सर. बठा," वडील म्हणाले. "भूषण ड्युटीले गया, हजिराले."

सर बसले. भिंतीतल्या शोकेसमध्ये स्टीलचे पेले होते, एक बाहुली होती, आणि मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला तो अंक उभा करून ठेवला होता. मी पाहिला तसा सरांनीही पाहिला. मांडीवरच्या शिक्क्याच्या पिशवीवर हात ठेवून ते बसून राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मला वाटलं, नाही मारणार. मनातल्या मनात मी देवाला म्हटलं की आता उठू दे यांना.

सर उठले नाहीत. वडीलच उठले. शोकेसची काच सरकवून त्यांनी अंक काढला, पिशवीतून बाहेर घेतला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

"माले माहीत शे तुम्ही काब्र उनात," आमच्या येण्याचं कारण कोणी काढायच्या आत ते म्हणाले. "पोऱ्यानी सांगं माले सगळं."

सरांनी अहिराणीत काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. सुरतेत एवढी वर्षं काढून त्यांची ती बोली गंजली होती, शब्द जुळेनात. पिशवीतून त्यांनी शिक्का काढला, पॅड उघडला. पान सापडलं. शिक्का हातात घेतला. एकदा टेकवायला गेले आणि मागे घेतला.

"द्या इकडे," वडील म्हणाले आणि सरांच्या हातून त्यांनी शिक्का घेतला. "तीस वरीस फोल्डिंगमा काम करं मी. टेबलवर ताका उना, डाग दिसना, का मारा शिक्का. ताका कोना शे, हाई मी कधी देखं नही."

कापड मिलच्या बाहेर पडण्याआधी फोल्डिंग खात्यात टेबलावर उलगडून तपासतात. खराब निघालेल्या ताक्यावर शिक्का पडतो आणि तो सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या मालात, जातो. तीस वर्षं त्या माणसाने तेच काम केलं होतं, ताका कोणाचा ते न बघता. वाचता येत नव्हतं, डाग दिसत होता.

"कोठे मारू?"

सरांनी भूषणच्या नावाखाली बोट ठेवलं. वडिलांनी शिक्का पॅडवर दोनदा दाबला, कागद डाव्या हाताने ताणून धरला आणि एका झटक्यात मारला. सरळ, स्वच्छ. इतक्या प्रतींवर सरांना तसा एकदाही जमला नव्हता.

मग वडिलांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. "आनि हाई दुसरं नाव कोनं शे?"

"मनं," सर म्हणाले.

"मंग आठेबी मारनं पडी."

त्यांनी दुसरा शिक्का सरांच्या नावावर मारला. अंक उघडाच ठेवून शाई वाळू दिली. सर बघत बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. आतली भांडी थांबली होती. थोड्या वेळाने भूषणच्या आईने चहा आणून ठेवला, सरांकडे न बघता. सरांनी तो संपवला. जाताना दारात म्हणाले, "भूषणला सांगा, मी येऊन गेलो."

भूषणने त्यानंतरही फोन घेतला नाही. मी त्याला दोष देत नाही. सरांनाही देत नाही. दोघांचंही मला सारखंच वाईट वाटतं, आणि ते कोणाजवळ बोलायचीही आता ताकद राहिलेली नाही.

सर त्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, फार त्रास न होता. स्मशानात पंधरा-वीस माणसं होती. ज्यांचे लेख त्यांनी छापले त्यांपैकी दोघं, ज्यांचे परत पाठवले त्यांपैकी एकही नाही. भूषण नव्हता. त्याचे वडील आले होते. मिलमधल्यासारखा शर्ट खोचून, सगळ्यांच्या मागे, एकटे उभे.

त्याच आठवड्यात, सर जायच्या दोनच दिवस आधी, माझ्याकडे बाइंडिंगला एक प्रबंध आला होता. मागची संदर्भांची यादी नीट लावताना त्यात भूषणचा आणि सरांचा तो लेख दिसला. आत एका प्रकरणात त्यातले दिवाळीचे आकडेसुद्धा घेतलेले होते, एका ओळीत, खरे म्हणून. मी त्या मुलीला सांगितलं की हा लेख मागे घेतलेला आहे. ती म्हणाली, "बेन, राहू द्या ना. संदर्भ कमी पडतील."

स्मशानातून लोक पांगायला लागले तेव्हा भूषणचे वडील माझ्याजवळ आले.  मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, सरनं ते शिक्कानं काम... सगळं व्हयनं ना?"

मी म्हटलं, "हो. सगळं झालं."